गच्चीवरचा सौर प्रकल्प: सोसायटीने पैसे कसे उभे करायचे

ठाण्याचा घोडबंदर रोड असो की नवी मुंबईतलं नेरूळ, सोसायटीच्या ग्रुपवर सौर कंपन्यांची कोटेशनं धडाधड येऊन पडतात. ती उघडण्याआधी कमिटीने दोन गोष्टी समोर ठेवाव्यात: कॉमन मीटरची बारा महिन्यांची बिलं आणि इमारतीचं वय. प्रकल्प किती मोठा असावा ते बिलावरून कळतं. पैसे कोणत्या मार्गाने आणायचे ते इमारतीच्या वयावरून.

आधी बिलं. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचा वापर बहुतेक सोसायट्यांत महिन्याला 500 युनिटच्या वर जातो, म्हणजे शेवटच्या, सगळ्यात महाग टप्प्यात. सौर वीज आधी याच टप्प्यातली युनिट कमी करते. म्हणून हिशेब सरासरी दराने करू नका. या टप्प्याचा दर, वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क एकत्र धरून एका युनिटला प्रत्यक्ष काय पडतं ते काढा. स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी दरमहा लागणारी रक्कम, मात्र तसाच राहतो. कंपनीच्या तक्त्यात तोही बचतीत मिळवलेला दिसला तर तिथेच थांबवा.

आपल्या भागात 1 किलोवॅटमागे वर्षाला साधारण 1,300 युनिट धरावीत. दिवसाला साडेतीन युनिट हा आकडा वर्षाच्या सरासरीचा, जुलै-ऑगस्टमध्ये तो बराच खाली येतो. जागा लागते किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट, तीही सावली नसलेली. पाण्याची टाकी, लिफ्टची मशीन रूम, शेजारचा टॉवर यांची सावली 21 डिसेंबरच्या आसपास सकाळी 9 ते दुपारी 3 या वेळेत बघा. मे महिन्यात केलेला सर्व्हे इथे हमखास फसवतो.

क्षमता कॉमन मीटरच्या मंजूर भारापेक्षा (बिलावर छापलेले मंजूर किलोवॅट) जास्त ठेवता येत नाही. भार वाढवून घेता येतो, पण त्यासोबत सुरक्षा ठेव आणि स्थिर आकारही वाढतात. प्रत्येक विंगचं कॉमन मीटर वेगळं असेल तर ए विंगची वीज बी विंगच्या बिलातून आपोआप वजा होत नाही. तेव्हा प्रकल्प विभागायचा की मीटर एकत्र करायचे, हे अर्जाआधीच ठरवा. अर्ज महावितरणकडे जातो. कळवा-मुंब्रा-शीळ भागात रोजचा कारभार टोरंट पॉवरकडे आहे. गरजेपेक्षा मोठा प्रकल्प घेऊन ‘वीज विकू’ हा विचार सोडून द्या. ग्रिडला दिलेली आणि वर्षभर खात्यात साठलेली जादा युनिट मार्चअखेरीस वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने घेतली जातात, आणि तो दर तुमच्या बिलातल्या दराच्या जवळपासही नसतो.

आता 30 किलोवॅटचं उदाहरण घेऊ. समजा खर्च किलोवॅटला 50,000 रुपये, म्हणजे एकूण 15 लाख. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक सुविधांसाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे (मर्यादा घरामागे 3 किलोवॅट, एकूण 500 किलोवॅट), म्हणजे 5.4 लाख. वर्षाची 39,000 युनिट 13 रुपयांनी 5.07 लाख. धुलाई, विमा आणि देखभालीचे 30,000 वजा केले तर निव्वळ बचत सुमारे 4.8 लाख. म्हणजे सोसायटीचे 9.6 लाख दोनेक वर्षांत सुटतात. मात्र अनुदान प्रकल्प चालू झाल्यावर येतं, त्यामुळे उभे करायचे ते पूर्ण 15 लाख. हे 5.4 लाख मध्ये अडकून राहतात. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता थकतो तो बहुधा याच कारणाने. अनुदान हवं असेल तर मॉड्यूल (म्हणजे पॅनेल) आणि त्यातले सौर सेल दोन्ही भारतीय बनावटीची लागतात. तशी अट वर्क ऑर्डरमध्ये लिहा. 22 सप्टेंबर 2025 पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे. जुन्या दराचं कोटेशन परत पाठवा.

पैसा तीन वाटांनी येतो. सभासदांकडून वर्गणी ही सगळ्यात स्वस्त आणि जमवायला सगळ्यात कटकटीची. सभासदांकडून दरमहा जमा होणाऱ्या सिंकिंग फंडाकडे बघू नका, तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी आहे. दुसरी वाट कर्जाची. सहकार नियमांनुसार सोसायटीची एकूण देणी वसूल भागभांडवल, राखीव निधी आणि इमारत निधी यांच्या दहा पटींच्या आत हवीत. सभासदामागे 500 रुपयांचे शेअर्स धरले तर 40 फ्लॅटांचं भांडवल होतं फक्त 20,000. राखीव निधी दणकट नसेल तर सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या मंजुरीशिवाय हे पुढे सरकत नाही, आणि बँकही हीच ओळ आधी तपासते. सर्वसाधारण सभेच्या ठरावात क्षमता, कमाल रक्कम आणि सह्या करणारे पदाधिकारी स्पष्ट लिहा. ‘सौर प्रकल्पास मंजुरी’ एवढ्यावर कर्ज मिळत नाही.

तिसरी वाट म्हणजे कंपनी स्वतःच्या पैशाने प्रकल्प उभारते आणि सोसायटी 15 ते 25 वर्षं ठरलेल्या दराने युनिट विकत घेते. पैसे नसलेल्यांना हे गोड वाटतं. पण वाशी-नेरूळच्या जुन्या सेक्टरांत किंवा नौपाड्यात तिशीतली इमारत असेल तर पाच-सात वर्षांत पुनर्विकासाचा विषय निघणारच. 25 वर्षांचा करार तेव्हा गळ्यात पडतो. पुनर्विकासात प्रकल्प कोण काढणार, कोणत्या वर्षी किती रक्कम देऊन तो सोसायटीचा होणार, याचं वर्षवार परिशिष्ट नसेल तर सही करू नका. दरवर्षीची दरवाढ आणि किमान खरेदीचं बंधन ही दोन कलमंही बारकाईने वाचा. आमच्या मते, तिशी ओलांडलेल्या इमारतीने तीनेक वर्षांत पैसे सुटणारा लहान प्रकल्प स्वतः करावा, नाहीतर थांबावं. तिशीनंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं, त्यात गच्चीवरचा हा भारही तपासून घ्या.

वॉटरप्रूफिंग आधी, स्ट्रक्चर नंतर. उलटं झालं तर गळती शोधायला पॅनेल उतरवावी लागतात आणि तो खर्च कोणत्याच वॉरंटीत बसत नाही. पत्र्याच्या शेडवर पॅनेल लावायची असतील तर शेड बांधणाऱ्याचं तोंडी ‘चालेल’ पुरेसं नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्या. खाडीजवळच्या खाऱ्या हवेत साधे बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतात, स्टेनलेस स्टीलचे मागा. डीसी (पॅनेलची बाजू), एसी (इन्व्हर्टरनंतरची बाजू) आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक यांचे अर्थिंग पिट वेगवेगळे हवेत. आणि सभेतच सांगून टाका: वीज गेली की हा प्रकल्पही बंद पडतो, लिफ्टसाठी जनरेटर लागणारच.

हप्ते असे ठेवा: 10 टक्के आगाऊ, 60 माल गच्चीवर आल्यावर, 20 प्रकल्प सुरू झाल्यावर आणि उरलेले 10 दोन्ही दिशांची वीज मोजणारं नेट मीटर बसून पहिलं बिल हाती आल्यावर. या बिलात आयात (ग्रिडमधून घेतलेली) आणि निर्यात (ग्रिडला दिलेली) युनिट वेगळी छापलेली हवीत. इन्व्हर्टरच्या महिन्याच्या आकड्यातून निर्यात वजा करा. उरते ती सोसायटीने थेट वापरलेली सौर वीज. आयात अधिक ही युनिट यांची बेरीज गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या वापराशी साधारण जुळत नसेल, तर शेवटचा चेक देण्याआधी मीटर तपासून घ्या.