जुन्या एसयूव्हीचे स्पार्क प्लग घरीच बदलले (माझा अनुभव)

भेरूघाट चढताना आमची जुनी चार सिलिंडरची पेट्रोल एसयूव्ही मिसिंग करायला (मधेच झटके देत चालायला) लागली, पिकअप गेला, अ‍ॅव्हरेज पण पडलं, म्हटलं आधी प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे) बघू आणि इंदूरला परत आल्यावर घरीच उघडले.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे हं, हेड (सिलिंडरच्या वरचा भाग, ज्यात प्लग बसतात) अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर गरम असताना आटे जायची भीती असते. प्लगभोवती बसलेली धूळ आधी पंपाने उडवा नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाणार. प्लगच्या वायरी सगळ्या एकदम काढू नका, एकेक करा म्हणजे फायरिंग ऑर्डरचा (कुठल्या सिलिंडरला कधी ठिणगी मिळते त्या क्रमाचा) घोळ होत नाही, आणि ओढायचं ते रबरी टोपण धरून, वायर धरून नाही.

तीन प्लग फिक्कट तपकिरी, म्हणजे जळण बरोबर. चौथ्याचं टोक मात्र काळं, ओलं, बोटाला तेल लागत होतं, आणि गॅप (ठिणगी पडते ती टोकातली फट) एवढा वाढलेला की फिलर गेजचं (फट मोजायच्या पट्ट्यांचं) पातं लूज जात होतं.

नव्यांचा गॅप मॅन्युअलप्रमाणे तपासला. मग प्लग हातानेच पूर्ण आत फिरवायचा, अडकला तर उलटा काढून परत, जोर अजिबात नाही. वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकला की पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो, जुनाच परत लावत असाल तर अगदी जरासं, कारण वॉशर आधीच दबलेला असतो.

आता आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) थरथर नाही, इंजिन एकसारखं चालतंय. चौथ्या प्लगवरचं तेल पिस्टनच्या रिंगमधून येतंय की व्हॉल्व्हच्या सीलमधून हे बघायचंय, त्यासाठी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घेणार आहे.