खतखते: कुठली भाजी कधी पातेल्यात घालावी

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नैवेद्यात गोव्यातल्या कितीतरी घरांत खतखते, म्हणजे खोबऱ्याच्या रसातली अनेक भाज्यांची एकत्र भाजी, ठरलेले असते. कांदा नाही, लसूण नाही, फोडणीही नाही. ओले खोबरे, सुकी मिरची, हळद, तेफळे (तिरफळे), सोलां (आमसुले) आणि गूळ एवढ्यावरच त्याची चव उभी राहते. म्हणून मसाल्यापेक्षा भाज्यांची निवड आणि त्यांचा शिजण्याचा क्रम इथे जास्त महत्त्वाचा. नीट झालेल्या खतखत्यात सुरणाची फोड अख्खी मिळते, भोपळा मऊ होऊनही त्याच्या कडा शाबूत राहतात, आणि मुळा डोळे मिटून खाल्ला तरी मुळाच लागतो. सगळ्या भाज्या एकदम कुकरमध्ये घालून शिट्ट्या काढल्या तर यातले काहीच साधत नाही. कुकर फक्त डाळीसाठी वापरावा.

निदान पाच भाज्या हव्यात. चवथीला काही घरांत मोजून एकवीस घालतात, पण पहिल्यांदा करणाऱ्याने सात-आठवर थांबावे. सहा माणसांसाठी सगळ्या मिळून एक किलो भाजी पुरते: सुरण १५० ग्रॅम, रताळे १५० ग्रॅम, लाल भोपळा १५० ग्रॅम, एक कच्चे केळे, एक मध्यम मुळा, एक नवलकोल, शेवग्याच्या दोन शेंगा आणि मक्याचे एक कणीस. निरफणस (ब्रेडफ्रूट) मिळाला तर रताळे निम्मे करून तो जरूर घालावा. खतखत्याच्या रसात त्याच्यासारखी दुसरी फोड नाही. चवथीच्या आधी पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव इथे माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांच्या आराशीचा) बाजार भरतो, तेव्हा या बहुतेक वस्तू एकाच फेरीत मिळतात. पावसात फणसाच्या आठळ्या, थंडीत कणगां आणि करांदे हे कंद, असा ऋतूप्रमाणे बदल करत राहावा. वांगे आणि भेंडी मात्र टाळलेली बरी. वांगे विरघळून रस काळपट करते आणि भेंडीने तार सुटते. कारल्याचा कडूपणा तर सगळ्या पातेल्यात पसरतो.

भाजीशिवाय लागते ते असे: तूरडाळ १०० ग्रॅम, एका मध्यम नारळाचे खोबरे, ७-८ सुक्या मिरच्या, अर्धा चमचा हळद, १०-१२ सुकी तेफळे, ६-७ सोलां, लिंबाएवढा गूळ, मीठ आणि शेवटी एक चमचा खोबरेल. मिरची रंगासाठी बेडगी घ्यावी. काणकोणातली खोल्याची मिरची घरात असेल तर निम्मी ती आणि निम्मी बेडगी. गूळ माडाचा मिळाला तर चवीला खोली येते, पण रंग थोडा काळसर होतो हे धरून चालावे.

सुरण आधी हाती घ्यावे. हाताला खोबरेल लावून जाड साल काढावी, अडीच-तीन सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात आणि चिंचेच्या किंवा सोलांच्या पाण्यात वीस मिनिटे ठेवाव्यात. सुरणात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचले की घशाला खाज सुटते. आंबट पाणी आणि पुरेसे शिजणे, दोन्ही झाले की हा त्रास बहुधा राहत नाही. ते पाणी ओतून टाकावे, भाजीत वापरू नये. केळे आणि निरफणस चिरल्या चिरल्या साध्या पाण्यात टाकावेत, नाहीतर काळे पडतात. दोन्हींना चीक असतो, सुरीलाही तेलाचे बोट लावून घ्यावे. बाकीच्या फोडी साधारण सुरणाएवढ्याच, कणसाचे दोन सेंटिमीटर जाडीचे काप, शेवग्याचे बोटभर तुकडे. भोपळ्याची साल काढू नये. तीच त्याची फोड धरून ठेवते.

डाळ धुऊन, मीठ न घालता, कुकरला तीन शिट्ट्यांवर मऊ करावी. मूठभर शेंगदाणे घालायचे असतील तर ते सहा तास भिजवून डाळीबरोबरच शिजवावेत. डाळ रवीने एकदाच फिरवावी, पार घोटू नये. काही घरांत डाळ घालतच नाहीत, आणि तेही खतखतेच. मात्र तेव्हा खोबरे थोडे वाढवावे लागते.

आता पातेले. जाड बुडाचे आणि रुंद असावे, म्हणजे फोडी एकमेकींवर दाबल्या जात नाहीत. तीन वाट्या पाणी उकळून त्यात चिमूटभर हळद आणि एक चमचा मीठ घालावे. पहिल्या फेरीत कणीस, सुरण, मुळा आणि नवलकोल. सुरुवातीची पाच मिनिटे झाकण ठेवू नये, मुळ्याचा उग्र वास वाफेबरोबर निघून जातो. मग झाकून आणखी पाच मिनिटे. दुसऱ्या फेरीत केळे, रताळे, निरफणस आणि शेवगा, सात-आठ मिनिटे. भोपळा सगळ्यात शेवटी, आणि तो अर्धा कच्चा असतानाच वाटप (खोबरे-मिरचीचे वाटण) घालायचे, कारण वाटपाबरोबर तो अजून दहा मिनिटे शिजणार आहे. या टप्प्याला सुरणात सुरी सहज शिरली पाहिजे. शिरली नाही तर थांबावे, पुढे जाऊ नये. एकदा सोलां पडली की कच्ची राहिलेली फोड मऊ व्हायला फार वेळ घेते, कारण आंबटपणामुळे भाजी आवळून राहते. सोलां आधी घालून मग तासभर भाजी शिजत नाही म्हणून हैराण होणारे पुष्कळ असतात.

भाजी शिजते तेवढ्यात वाटप होते. नारळ खवताना पाठीची तपकिरी साल येऊ देऊ नये, तिने वाटप करडे आणि चरचरीत होते. मिरच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून, खोबरे आणि हळदीबरोबर, वाटीभर कोमट पाणी थोडे थोडे घालत अगदी गंधासारखे वाटावे. मिक्सर तापू लागला तर थांबून पुन्हा फिरवावे. खोबरे भाजू नये, भाजल्याने चव दुसऱ्याच वाटेला जाते. धणे-मिरी घालणारी घरे आहेत, पण तेफळांचा वास त्यांच्याखाली दबतो, म्हणून ती नसलेली बरी.

तेफळांकडे नीट लक्ष द्यावे. वास सालीत असतो. आतले काळे बी कडक, खाताना दाताखाली येते, ते झटकून टाकावे. साली अर्धी वाटी कोमट पाण्यात भिजवून बत्त्याने हलकेच चेचाव्यात आणि पाण्यासकट पातेल्यात घालाव्यात. वाटपाबरोबर मिक्सरला लावल्या तर रस कडवट होतो आणि जीभ बधिर होते. ओली तेफळे जास्त उग्र असतात, ती कमी घ्यावीत. वर्षभर डब्यात पडून वास उडालेल्या तेफळांनी मात्र खतखते होणार नाही, संख्या दुप्पट केली तरीही.

भोपळा घातल्यावर तीन-चार मिनिटांनी डाळ, वाटप आणि तेफळे एकत्र करावीत. मिक्सरचे भांडे अर्ध्या वाटी पाण्याने विसळून तेही घालावे. आच मंद. कडेने बुडबुडे येत राहिले पाहिजेत, पण खळखळून उकळी नको, नाहीतर खोबरे फाटते आणि वर तेल तरंगते. ढवळताना उलथने बुडापासून वर आणावे, गोल गोल फिरवू नये. सहा-सात मिनिटांनी मिरचीचा कच्चा वास गेला की सोलां, गूळ आणि उरलेले मीठ घालून आणखी चार मिनिटे. आंबाडे (एक आंबट फळ) घातले असतील तर सोलां तीनच पुरे. चाखताना आधी खोबरे, मग किंचित गोड आणि शेवटी आंबट लागावे. गूळ पुढे आला असेल तर आणखी एक सोल टाकून दोन मिनिटे थांबावे. मिठाने ते सुधारत नाही.

रस पातळ वाटला तर बेसन किंवा तांदळाचे पीठ लावू नये. रताळ्याच्या दोन फोडी चमच्याने चेचून त्यातच मिसळाव्यात. फार घट्ट झाला तर गरमच पाणी, कारण गार पाण्याने वाटप वेगळे पडते. भातावर वाढायचे खतखते थोडे सैल चालते, पुरीबरोबरचे मात्र फोडीला धरून राहणारे हवे.

गॅस बंद करून कच्चे खोबरेल वरून सोडावे आणि निदान वीस मिनिटे झाकून ठेवावे. तेफळांचा वास या वेळात उतरतो. वाढताना त्यांच्या साली बाजूला काढाव्यात, विशेषतः मुलांच्या पानातून. दुसऱ्या दिवशी खतखते अधिक मुरते आणि अनेकांना तेच आवडते, पण गोव्याच्या दमट हवेत ओले खोबरे रात्रभर बाहेर टिकत नाही. निवल्यावर फ्रीजमध्ये ठेवावे आणि लागेल तेवढेच मंद आचेवर गरम करावे.