स्टेडियममधला लाइव्ह अल्बम घरी नीट कसा ऐकायचा, साताऱ्याच्या लोकांनी सुरुवात क्वीनपासून करा

लाइव्ह अल्बम म्हणजे तीच गाणी आणि मागं नुसता आरडाओरडा, असं बऱ्याच जणांना वाटतं, दोन गाणी ऐकतात आणि परत स्टुडिओवाल्या व्हर्जनवर जातात. माझं म्हणणं असं आहे की तो आरडाओरडाच ऐकायचा असतो. स्टेडियमच्या रेकॉर्डिंगमध्ये पब्लिक हे बँडमधलं एक वाद्य असतं आणि ते ऐकू यायला लागलं की मग अल्बम सोडवत नाही.

सुरुवात 'लाइव्ह ॲट वेम्बली ८६' पासून करा, काही ठिकाणी 'लाइव्ह ॲट वेम्बली स्टेडियम' असं नाव दिसेल. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची 1986 ची मॅजिक टूर, लंडनच्या वेम्बलीत 11 आणि 12 जुलैला दोन शो झाले, अल्बममध्ये मुख्यतः 12 तारखेचा शनिवारचा शो आहे आणि तो बाजारात आला 1992 मध्ये, म्हणजे बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी गेल्यानंतर. क्वीनच का, तर अल्बम खरंच भारी आहे म्हणून, आणि दुसरं म्हणजे हा फ्रेडी आपल्या जिल्ह्यात वाढलाय. जन्म झांझिबारचा, नाव फारुख बलसारा, पण शाळा पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथंच पोरांचा द हेक्टिक्स नावाचा बँड होता आणि त्यात हा पियानोवर असायचा. पसरणी घाट चढून शंभरदा पाचगणीला गेलेल्या लोकांनाही हे माहीत नसतं, म्हणून सांगतोय.

आता आधी फोनची सेटिंग, कारण निम्मा घोळ इथंच असतो. शफल बंद. क्रॉसफेड बंद, कारण ते एका गाण्याचा शेवट दुसऱ्यात घुसवतं आणि टाळ्यांचा पार चिखल होतो. गॅपलेस प्लेबॅक मात्र चालू पाहिजे, नाहीतर दोन गाण्यांच्या मध्ये पब्लिक अर्ध्या सेकंदासाठी गायब होतं आणि परत येतं, एवढ्यानं सगळी मजा जाते. आवाज एका लेव्हलला आणणारं नॉर्मलायझेशन बंद करा आणि इक्वलायझरमध्ये बास बूस्ट असेल तर तोही काढा, बास वाढवला की सगळ्यात आधी गर्दीचा आवाज दबतो. ॲपच्या फुकट प्लॅनवर गाण्यांच्या मध्ये ॲड लागते, तिथं हा अल्बम ऐकण्यात अर्थ नाही, कुणाकडून सीडी मिळाली तर ती बघा. शक्यतो डाउनलोड करून ऐका म्हणजे मध्येच नेट गेलं तरी अडत नाही.

हेडफोन साधे वायरवाले चालतील, महागाचे पाहिजेतच असं काही नाही. फक्त तो छोटा एकटा ब्लूटूथ स्पीकर नको, त्यात डावं-उजवं एकत्र होतं आणि पब्लिक तुमच्या चारी बाजूंना पसरायच्या ऐवजी एका डबीत जाऊन बसतं. वेळ रात्रीची ठेवा, पोवई नाक्याच्या आसपास राहत असाल तर दिवसा हॉर्नशिवाय काही ऐकू येणार नाही. आणि विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीपुढं नाचून आला असाल तर त्या रात्री अजिबात ऐकू नका, कान बधिर असतात, बारीक आवाज पोचतच नाहीत, एखादा दिवस जाऊ द्या.

मग ऐकायचं काय? पहिल्या फेरीत फक्त टाळ्या. 'रेडिओ गा गा' च्या कोरसला सगळं स्टेडियम हात वर करून टाळ्या देतं, त्या टाळीकडं नीट कान द्या. ती एकदम टक्क अशी येत नाही, जरा पसरट येते. कारण साधं आहे, आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे स्टेजपासून 100 मीटर लांब उभ्या असलेल्या माणसाला ठेका जवळजवळ 0.3 सेकंद उशिरा पोचतो आणि त्याची टाळी परत स्टेजकडच्या माइकपर्यंत यायला तेवढाच वेळ. आपल्या शाहू स्टेडियमवर लांब बसून मॅच बघताना बॅट फिरलेली आधी दिसते आणि आवाज मागनं येतो, तेच हे. त्या पसरटपणावरनं तुम्हाला मैदान केवढं आहे ते डोळे मिटून कळतं, स्टुडिओत हे तयार करता येत नाही असं नाही पण असं खरं वाटत नाही.

दुसरी फेरी फ्रेडीसाठी. गाणं नसलेल्या जागा ऐका, तो नुसत्या 'एऽऽ ओ' करत ताना टाकतो आणि पब्लिक जसंच्या तसं परत देतं, तो आणखी अवघड टाकतो, ते तेही देतं. भजनात बुवा एक ओळ म्हणतात आणि मागचे उचलतात ना, अगदी तसंच, फक्त इथं मागचे हजारोंनी आहेत. 'लव्ह ऑफ माय लाइफ' ला तर फक्त गिटार आणि आवाज, आणि बऱ्याच ओळी पब्लिकच गातं, तो त्यांना गाऊ देतो. मला विचाराल तर अख्ख्या अल्बममधली सगळ्यात चांगली जागा हीच. वरच्या सुरांच्या काही जागी तो खालून वळण घेतो, रेकॉर्डवर आहे तसं गात नाही, त्याला चूक समजू नका, रोज रोज दोन तास गाणाऱ्या माणसाला गळा सांभाळावा लागतो. वरच्या पट्टीतला जो चिरका आवाज मध्येच येतो तो ड्रमवरच्या रॉजर टेलरचा. आणि कीबोर्ड कोण वाजवतंय असा प्रश्न पडला तर तो स्पाइक एडनी, बँडमध्ये चौघंच पण टूरला हा पाचवा बरोबर असायचा.

'बोहेमियन रॅप्सडी' च्या मधल्या ऑपेरावाल्या भागात आवाज एकदम बदलतो, मैदानाचा घुमारा जाऊन कोरडा होतो, ते मुद्दाम ऐका. इतके आवाज एकावर एक चढवलेला तो भाग स्टेजवर चौघांना गाणं शक्यच नव्हतं, म्हणून तिथं बँड आत जायचा आणि टेप लागायची, मग रॉकवाल्या भागाला सगळे धडाधड बाहेर. टेप संपून खरे ड्रम पडतात ती जागा हेडफोनवर ऐकली की अंगावर काटा येतो.

अल्बम पावणेदोन तासांच्या आसपास आहे, एका बैठकीत जमणार नसेल तर निदान दोन सीडींची जिथं विभागणी आहे तिथंच थांबा, गाण्याच्या मध्ये तोडू नका. मधला रॉक अँड रोलच्या जुन्या गाण्यांचा भाग हलका आहे, पहिल्यांदा तिथं कंटाळा आला तर काही बिघडत नाही, गिटारच्या लांब सोलोचंही तेच.

हे झालं की 'लाइव्ह मॅजिक' लावा. त्याच टूरचा, 1986 च्या डिसेंबरमध्येच आलेला, वेम्बली, बुडापेस्ट आणि नेबवर्थची रेकॉर्डिंग एकत्र करून. पण एकाच एलपीत, म्हणजे एकाच तबकडीत बसवायचं म्हणून गाणी कापलीत, रॅप्सडीतला तो ऑपेराचा भागच नाहीये. दोन्ही पाठोपाठ ऐका म्हणजे शो अख्खा ठेवला आणि कापला तर काय फरक पडतो ते कळेल. आणि 11 जुलैचा शुक्रवारचा शो बघायचा असेल तर 2011 च्या डीव्हीडी एडिशनमध्ये तोही आहे.