बीसीएम बदलण्यापूर्वी: निदान आणि बदलण्याची पद्धत

रात्रभर कोसळलेल्या पावसानंतर सकाळी गाडी सुरू करावी, तर वायपर आपोआप फिरू लागतात, एका बाजूचा इंडिकेटर लावला की दोन्हीकडचे लुकलुकतात आणि दारांची लॉक कोणी हात न लावता खटखट वाजत राहतात. अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की बहुधा पहिले वाक्य ऐकू येते ते 'बीसीएम गेला' हे. बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, सेंट्रल लॉकिंग, पॉवर विंडो आणि अनेक गाड्यांत इमोबिलायझरसुद्धा (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) याच डब्याच्या ताब्यात असतो. इतकी कामे एका ठिकाणी आल्यामुळे कुठेही काही बिघडले की संशय त्याच्यावरच जातो. परंतु मॉड्यूल महाग असते, कोडिंग झालेले, म्हणजे एखाद्या गाडीची माहिती भरून तिच्याशी जुळवलेले, मॉड्यूल दुकानदार सहसा परत घेत नाही आणि मूळ दोष वायरिंगमध्ये असेल तर नवा बीसीएमही जुन्यासारखाच वागतो. त्यामुळे तो बदलण्याचा निर्णय इतर सर्व शक्यता मोजून बाद केल्यानंतरच घ्यावा.

सुरुवात बॅटरीपासून करावी. गाडी काही तास उभी असताना पूर्ण चार्ज असलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या खाली गेलेल्या बॅटरीवर कोणतेही निदान करू नये, कारण व्होल्टेज पडले की मॉड्यूल रिसेट होतात आणि एकमेकांशी संबंध नसलेले दोषांचे कोड साठवतात. बॅटरी ठीक असल्यास बीसीएमचे सर्व फ्यूज तपासावेत. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून भागत नाही. तो जागेवरच ठेवून त्याच्या पाठीवरील दोन्ही उघड्या टोकांवर मल्टिमीटर लावावा. बीसीएमला एकाहून अधिक फ्यूजमधून पुरवठा येतो आणि त्यांपैकी काही बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये असतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

यानंतरची तपासणी अर्थिंगची, म्हणजे बीसीएममधून गाडीच्या पत्र्यामार्फत बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या जोडणीची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. नुसता ओहम मोजून अर्थिंग चांगले असल्याचा निर्वाळा देता येत नाही, कारण तारेचा एकच धागा शाबूत असला तरी मीटर शून्याजवळ दाखवतो. पार्किंग दिवे, मागचा वायपर असे बीसीएममधून चालणारे भार सुरू ठेवावेत, मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि लाल पिन बीसीएमच्या अर्थ पिनवर कनेक्टरच्या मागील बाजूने लावावी. ०.१ व्होल्टपेक्षा कमी फरक आला तर अर्थिंग चांगले. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष तिथेच शोधावा. तीन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या गाडीसाठी नव्या बीसीएमचे अंदाजपत्रक हातात आले होते आणि ही मोजणी केल्यावर ०.९ व्होल्ट आले. ड्रायव्हरच्या डाव्या पायाजवळचे प्लास्टिक काढले, तेव्हा अर्थचा बोल्ट वरून चकचकीत होता, पण वायरच्या गोल टर्मिनलखाली हिरवट-पांढरी भुकटी जमली होती. पॉलिश पेपरने पत्रा आणि टर्मिनल उजळेपर्यंत घासून बोल्ट पुन्हा आवळला आणि सर्व तक्रारी थांबल्या. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी माझी गत होता होता राहिली.

पाण्याचा मार्ग शोधणे याच टप्प्यावर येते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये पुढच्या काचेखालच्या जाळीत पाने कुजतात, पाण्याच्या निचऱ्याची वाट बुजते आणि पाणी वायरिंगच्या जाडजूड गुच्छावरून ओघळत थेट कनेक्टरमध्ये उतरते. एसीची निचरा नळी तुंबली तरी डाव्या बाजूचा गालिचा ओला होतो. गालिचा उचलून खालचा फोम हाताने दाबून पाहावा. कनेक्टर काढून प्रत्येक पिन टॉर्चच्या उजेडात तपासावी. बाहेरून जोडलेला हॉर्न, कॅमेरा किंवा जादा दिवे असतील तर ते तात्पुरते पूर्णपणे काढावेत. कापून जोडलेल्या वायरी आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी या दोन्हींमुळे होणारे दोष बीसीएमच्या दोषासारखेच दिसतात.

आता मॉड्यूलमधले कोड वाचणारा स्कॅनर लावावा. केवळ इंजिनचे कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर येथे उपयोगी नाही. बॉडी प्रणालीत शिरणारा हवा. यू०१४० या कोडचा अर्थ इतर मॉड्यूलचा बीसीएमशी संपर्क तुटला एवढाच आहे, बीसीएम जळाला असा नाही. बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडायच्या जागेच्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजावा. कॅन जाळ्याच्या (मॉड्यूल ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात त्याच्या) दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असल्याने साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एखादे टोक तुटले आहे, शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. काही गाड्यांत मध्ये गेटवे (वेगवेगळी जाळी जोडणारे मॉड्यूल) असतो आणि बॉडीचे जाळे या पिनांपर्यंत येतच नाही, म्हणून त्या गाडीचे वायरिंग चित्र जवळ ठेवावे.

स्कॅनरचा बीसीएमशी संपर्क होत असेल तर स्विच दाबून लाइव्ह डेटा, म्हणजे मॉड्यूलला त्या क्षणी मिळणारे संकेत, पाहावा. स्विच दाबल्याची नोंद स्कॅनरवर आली नाही तर दोष स्विचकडे किंवा त्याच्या वायरीकडे आहे. नोंद आली आणि बीसीएमच्या संबंधित पिनवर व्होल्टेजही निघाले, तर दोष पुढे बल्ब किंवा मोटरच्या बाजूला आहे. पुरवठा, अर्थिंग आणि इनपुट सर्व योग्य असूनही पिनवर काहीच निघत नसेल, तेव्हाच बीसीएमवर बोट ठेवता येते. तेव्हाही पुढच्या वायरीत शॉर्ट नाही याची खात्री करावी, कारण शॉर्ट आढळताच अनेक बीसीएम ते आउटपुट स्वतःहून बंद करतात.

बदलायचे ठरल्यास जुन्या मॉड्यूलवरील पूर्ण पार्ट नंबर, शेवटच्या अक्षरांसह, जुळवावा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा अन्यत्र मिळणारा जुना बीसीएम स्वस्त पडतो, परंतु तो दुसऱ्या गाडीच्या चाव्यांशी आणि व्हेरियंटशी बांधलेला असू शकतो. त्याचा डेटा बदलून देणारा जाणकार आधी गाठल्याशिवाय मी तो घेणार नाही. गाडीतला जुना बीसीएम स्कॅनरशी बोलत असेल तर तो काढण्यापूर्वीच त्याचे कोडिंग स्कॅनरमध्ये साठवून घ्यावे. गाडीच्या सर्व चाव्या सोबत ठेवाव्यात, कारण अनेक प्रणालींत चाव्या नव्याने शिकवताना हजर नसलेली चावी बाद होते.

इग्निशन बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह सोडवावे आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये एअरबॅगसाठी दिलेला वेळ थांबावे. कनेक्टरचे फोटो काढावेत, लॉक उचलूनच ते सोडवावेत, वायर धरून कधीही ओढू नयेत. नवे मॉड्यूल हाताळण्याआधी गाडीच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. कोडिंगच्या वेळी बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर जोडावा. मध्येच व्होल्टेज पडले तर नवे मॉड्यूल अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकू शकते. त्यानंतर चाव्या शिकवाव्यात, पॉवर विंडोचे वन-टच (एकदा बटण दाबून काच पूर्ण वर-खाली होणे) पुन्हा बसवावे, कोड पुसावेत आणि प्रत्येक दिवा, लॉक व वायपरची प्रत्येक गती चालवून पाहावी. शेवटी गाडी लॉक करून अर्धा तास सोडावी आणि बॅटरीतून जाणारा प्रवाह मोजावा. तो साधारण ५० मिलिॲम्पिअरच्या आत आला, तरच मॉड्यूल नीट झोपत आहे असे समजून डॅशबोर्डचे प्लास्टिक परत बसवावे.