फौजी आजोबांची पुस्तिका करायची असेल तर आधी सातबारा काढा

परळला आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांचे कार्यअहवाल, आणि अलीकडे वाढलेलं काम म्हणजे सहस्रचंद्रदर्शनाच्या पुस्तिका. गिरणगावातली कित्येक घरं मूळची सातारा, सांगली, कोल्हापूर नाहीतर कोकणातली, त्यामुळे फौजी आजोबा घेऊन येणाऱ्या नातवंडांची आमच्याकडे वानवा नाही. मोबाईलमध्ये मेडलचे फोटो असतात आणि मागणी ठरलेली: "ताई, सोळा पानं करा, भारी दिसली पाहिजेत." मजकूर बघावा तर चौदा पानं लढाई. उरलेल्या दोन पानांत लग्न, मुलं, शेती आणि आभार.

१९७१ ची लढाई ३ डिसेंबरला सुरू झाली आणि १६ डिसेंबरला संपली. पेन्शनवर आल्यानंतर तो माणूस चाळीस-पंचेचाळीस वर्षं बैलामागं चालला, विहीर खणली, गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज फेडलं, त्याचं काय? माझ्या आजोबांची, म्हणजे तात्यांची पुस्तिका मीच केली. तात्या खटाव तालुक्यातले. १९६२ च्या चीन युद्धानंतर भरती झाले, मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या बटालियनमध्ये गेले आणि १९७७ साली पेन्शन घेऊन शेतीला लागले. ते काम करताना जी पद्धत बसली ती सांगते.

ट्रंक उघडा, पण आजोबांसमोर

काळी ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. गावच्या माळ्यावर असेल किंवा मुंबईत काकांच्या पलंगाखाली. ती परस्पर उघडू नका. मालक समोर बसलेला असला की प्रत्येक कागदाबरोबर एक गोष्ट निघते.

पहिला हात डिस्चार्ज बुकाला घाला. उंची, छाती, ओळखीची खूण, शिक्षण, भरतीची आणि सुटण्याची तारीख, वर्तणुकीचा शेरा, सगळं एका जागी सापडतं. तात्यांच्या बुकात ओळखीची खूण म्हणून डाव्या भुवईवरचा व्रण लिहिलाय. तो लढाईतला असेल असं घरात सगळ्यांना वाटायचं. तात्या म्हणाले, "भरतीच्या आधीचा हाय तो. म्हशीनं शिंग मारलं हुतं."

मग मेडलं. ती चमकवायला घेऊ नका, कडेवर कोरलेला नंबर आणि नाव झिजतं. कुठलं मेडल ते नीट बघा. १९६५ च्या युद्धाचं समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१ चं संग्राम मेडल. त्याच्या जोडीला 'पूर्वी स्टार' असेल तर माणूस बांगलादेशाच्या बाजूला होता, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिमेला पाकिस्तानच्या सीमेवर. पत्रांच्या पाकिटांवरूनही अंदाज येतो: ९९ एपीओ (फौजेचं टपाल कार्यालय) म्हणजे पूर्वेकडची टपाल व्यवस्था, ५६ एपीओ असेल तर बाकीचा मुलूख, त्यात काश्मीरही आलं.

कागद गहाळ असतील तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. अर्जात आर्मी नंबर, हुद्दा आणि पूर्ण नाव हवं, आणि शक्यतो सही आजोबांची किंवा आजीची असावी. वाट सापडत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. याच निमित्तानं आजीचं नाव आणि जन्मतारीख फौजेच्या नोंदीत कशी आहे तेही बघून घ्या. लग्न, मुलांचे जन्म हे सगळं पार्ट टू ऑर्डरनं, म्हणजे फौजेच्या नोंदीच्या आदेशानं नोंदवलं जातं. तिथं 'पार्वती' आणि आधारवर 'पारूबाई' असेल तर फॅमिली पेन्शनच्या वेळी घरातल्यांची पळापळ होते. पुस्तिका राहू दे बाजूला, आधी ते दुरुस्त करून घ्या.

आणि एक. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), पेन्शनचं पासबुक यांचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू नका. कौतुकापोटी टाकलेला नंबर कुठवर फिरेल सांगता येत नाही.

सातबारा वाचता आला पाहिजे

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. चालू सातबारा महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर दिसतो, डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये भरून घरबसल्या मिळतो. पण आपल्याला हवेत जुने, हातानं लिहिलेले उतारे आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी. काही जिल्ह्यांचे स्कॅन ऑनलाइन आहेत, बाकीच्यांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा. फार जुनं असेल तर मोडी लिपीत निघेल, त्याला जाणकार गाठावा लागतो.

सात नंबरात जमीन कुणाच्या नावावर आहे ते कळतं. तिथं 'भोगवटादार वर्ग २' दिसलं तर थांबा आणि आजोबांना विचारा. माजी सैनिकांना सरकारनं दिलेली जमीन याच वर्गात येते, कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. ती कधी मिळाली, माळरान होतं की मुरूम, पहिलं पीक किती वर्षांनी आलं, एवढ्यावर एक प्रकरण उभं राहतं. शेजारच्या 'इतर अधिकार' रकान्यात सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज, ते कधी चढलं आणि कधी उतरलं याचा माग लागतो. विहिरीची, मोटारीची, पोरीच्या लग्नाची गोष्ट बहुतेक तिथूनच निघते.

बारा नंबर म्हणजे पिकांची नोंदवही. आमच्या उताऱ्यावर वर्षानुवर्षं बाजरी, ज्वारी, मटकी, पड, पुन्हा पड. मग विहीर दिसते आणि तिच्या मागोमाग गहू, कांदा. जुन्या नमुन्यात जमीन करणाराच्या नावाचाही एक रकाना असायचा. तात्या सीमेवर होते त्या सगळ्या वर्षांत आमच्या रकान्यात लिहिलंय: खुद्द. खुद्द तर पूर्वेला होते. रान आजी आणि पणजोबा करत होते. पुस्तिकेत मी तो रकाना मोठा करून छापला आणि खाली एवढंच लिहिलं की या काळात नांगर कुणाच्या हातात होता.

फेरफार वाचताना जरा जपून. पणजोबा गेल्यावर वारसनोंद झाली असेल, त्यात आत्यांची नावं असतील आणि पुढच्याच फेरफाराला हक्कसोड, म्हणजे त्यांनी वाटा सोडल्याची नोंद. कुणी राजीखुशीनं सही केली, कुणाला विचारलंच नाही, हे अजून दुखत असतं. छापायचं की नाही ते आत्यांना विचारून ठरवा, आजोबांना विचारून नव्हे. आजीचं नाव सातबाऱ्यावर आहे का तेही बघा. १९९२ च्या लक्ष्मी मुक्ती योजनेत बऱ्याच जणांनी बायकोचं नाव लावलं होतं. तात्यांनी नव्हतं लावलं. का, असं विचारल्यावर ते पंचांग बघायला लागले.

आजीला वेगळं बसवा

ही माझी अट समजा. आजोबांसमोर विचारलंत तर आजी म्हणेल, "त्यांनाच इचारा, मला काय कळतंय." दुपारी ते आडवे झाले की लसूण सोलायला बसा आणि मोबाईल रेकॉर्डिंगला लावून, सांगून, समोर ठेवा. लपवून रेकॉर्ड करू नका.

लढाईबद्दल विचारायचं असेल तर असं विचारा: बातमी कशी कळायची? रेडिओ कुणाकडे होता? मनीऑर्डर किती दिवसांनी यायची, पैसे कुणाच्या हातात पडायचे? पोस्टमन तारेचा कागद घेऊन आला तर गल्लीत काय व्हायचं? आजीनं सांगितलं की त्या डिसेंबरात पोस्टमननं सायकलची घंटी वाजवायचं सोडलं होतं, लांबूनच हात हलवून "पत्र हाय, पत्र" म्हणत यायचा.

त्यातच १९७२ चा दुष्काळ विचारून घ्या. ज्यांच्या घरातला माणूस डिसेंबरात रणांगणावरून वाचला, त्याच घरातल्या बाया पुढच्या वर्षी खडी फोडायला गेल्या. पाझर तलावाची कामं, कामावर मिळणारी सुकडी, मिलो या परदेशी ज्वारीची लाल भाकरी. तात्या रजेवर आले तेव्हा आजी कामावर होती आणि घराला कडी होती. माझ्या मते आमच्या पुस्तिकेतलं हेच पान खरं युद्धाचं पान आहे.

मुंबईचा भाऊ विसरू नका

आमच्याकडची शेती एकट्या पेन्शनवर उभी राहिली नाही. तात्यांचे धाकटे भाऊ लालबागला गिरणीत होते, गाळ्यावर, म्हणजे सामायिक खोलीत राहून पगार गावी पाठवायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि तो पगार थांबला. काही महिन्यांत ते बायकापोरांसह गावी आले. एका विहिरीवर दोन घरं. हे कित्येक गिरणगावकर फौजी घरांत थोड्याफार फरकानं घडलेलं आहे, आणि पुस्तिकांत कुठंच नसतं. तुमच्या घरातल्या काकूंना विचारा, पाण्याची पाळी कशी ठरली.

आजोबांशी बोलताना

"किती मारले?" हा प्रश्न नातवंडं हमखास विचारतात. विचारू नका. हॉलमध्ये सोफ्यावर बसवून मोबाईल समोर धरला की ते सत्काराचं भाषण करतात, शब्दही तेच. गावी बांधावर चालताना विचारा. तिथं हातवारे करायला जागा असते. तात्यांनी ब्रह्मपुत्रेचं पात्र आमच्या नाल्याच्या बांधावर उभं राहून दाखवलं, जमालपूर कुठं, आपली पलटण कुठून पलीकडे गेली, सगळं. मग मध्येच म्हणाले, "भात कापायला आलता तिथं. कुणी कापला असंल?" तेवढंच, आणि त्यावर मी काही विचारलं नाही. सैनिकाला हे का दिसलं, ते शेतकऱ्याच्या नातीला कळतं.

सांगितलेलं ताडून बघा. पन्नास वर्षांत पलटणी बदलतात, तारखा सरकतात. जमालपूर ११ डिसेंबरला पडलं, ढाक्याची शरणागती १६ ची. त्या महिन्याची मराठी वर्तमानपत्रं चाळायची तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या नायगावच्या संदर्भ विभागात किंवा टाऊन हॉलला एशियाटिकमध्ये आधी चौकशी करून जा. आजोबांचं आणि कागदाचं जुळलं नाही तर त्यांना खोटं पाडू नका. तारीख कागदाची घ्या, बोलणं त्यांचं ठेवा.

छापायला देताना

मध्ये पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत लागतात: सोळा, वीस, चोवीस. सोळात शेती बसत नाही, चोवीस धरा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका, मूळ फोटो ३०० डीपीआयला स्कॅन करून द्या. वर्दीतला एक फोटो मुखपृष्ठाला पुरे. आत टोपी-धोतरातले, मळणीतले, कुणीतरी चुकून काढलेले फोटो घ्या. मळणीच्या फोटोत बायका ओळीनं उभ्या असतात, त्या सगळ्यांची नावं खाली टाका. आजी हयात असेतोवरच ती मिळतील. सोबत वंशवेल द्या, त्यात सुनांची माहेरची गावंही लिहा.

छापण्याआधी कच्चं प्रूफ गावी घेऊन जा आणि सगळं मोठ्यानं वाचून दाखवा, घरातली म्हातारी माणसं एकत्र बसलेली असताना. पेन हाताशी ठेवा. आमच्याकडे तात्यांनी एक हुद्दा बदलायला लावला. आजीनं बैलाचं नाव दुरुस्त केलं, सोसायटीच्या कर्जाचा आकडा वाढवून सांगितला, आणि थोरल्या चुलत्यांच्या औदार्यावरचा परिच्छेद ऐकून म्हणाली, "ह्यो काढ." तो काढला.