भाषण वीस मिनिटं, बाकी वेळ त्यांचा

सांगलीतलं माझं पहिलं व्याख्यान पंचेचाळीस स्लाइडचं होतं. आठवीला वीज गेली आणि मी गप्प. पुढच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "सर, आता तुमीच बोला की, भिंतीकडं बघून काय करायचं?" तेव्हापासून प्रोजेक्टर घरीच असतो.

संवाद आणि मनाचं आरोग्य या विषयावर कुणी बोलावलं, तर आधी विचारा: लोक आपणहून येणार की साहेबांनी बसवलेले? आणि साहेब खोलीत थांबणार का? थांबणार असतील तर दीपप्रज्वलन झालं की त्यांना मानानं चहाला न्यायची सोय करून ठेवा. ते समोर असले की कुणी तोंड उघडत नाही. हारतुरे शेवटी.

भाषण वीस मिनिटं, त्यात प्रसंग एकच आणि तोही स्वतःचा. गहिवराचा अभिनय नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथं 'सीतास्वयंवर' नाटक उभं केलं, त्या गावात खोटं रडणं मागच्या रांगेतूनही ओळखतात.

मग खुर्च्यांच्या रांगा मोडा. एक-दोन, एक-दोन मोजून जोड्या लावा, नाहीतर मैत्रिणी मैत्रिणींनाच धरून बसतात. पहिल्या फेरीत एकानं आज सकाळी घरात काय झालं ते दोन मिनिटं सांगायचं, दुसऱ्यानं मोबाईलमध्ये बघत नुसतं 'हं, हं' करायचं. आधी हशा होतो. मग सांगणाऱ्याचा आवाज बारीक होत जातो. तिथं थांबवा आणि कसं वाटलं ते विचारा. उत्तर यायला वेळ लागतो, मध्ये तुम्ही बोलू नका. मार्केट यार्डातल्या हमालांच्या कार्यशाळेत एक दादा खाली बघत म्हणाले, "घरात मी रोज ह्येच करतो." त्यानंतर मला समजावून सांगायला काही उरलं नाही.

दुसऱ्या फेरीत मोबाईल खिशात, आणि सल्ला द्यायला बंदी. ही बंदीच लोकांना जड जाते. आपल्याकडं कुणी डोकं दुखतंय म्हटलं की लगेच काढा सांगतात. ऐकणाऱ्यानं शेवटी एवढंच म्हणायचं, "म्हणजे तुम्हाला असं वाटलं, की…" आणि बरोबर आहे का ते विचारायचं. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये 'ॲक्टिव्ह लिसनिंग' म्हणून मांडलं, ते हेच. बचत गटात हे इंग्रजी नाव घेऊ नका, वह्या निघतात आणि बोलणं थांबतं.

मध्येच दोन मिनिटं श्वासाला द्या: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात.

कृष्णाकाठच्या गावात असाल तर २०१९च्या पुराची आठवण मुद्दाम काढायला लावू नका. कुणी आपणहून बोललं तर ऐका. कुणी रडायला लागलं तर माईक दूर घ्या, बाकीच्यांना चहाला सोडा, तुम्ही शेजारी बसा. डॉक्टर होऊ नका. फळ्यावर 'टेलिमानस १४४१६' मोठ्या अक्षरात आधीच लिहून ठेवा. मनाच्या त्रासात मदत करणारा हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

परतीची एसटी शेवटच्या टाळीला लागून धरू नका. अर्धा तास राखा. सगळे गेल्यावर एखादी ताई सतरंजीची घडी घालायला म्हणून मागं राहते, आणि दुसरं टोक आपल्याला धरावं लागतं.