क्रूझ पेनांगला थांबली की: मुलाबाळांसह समुद्रकाठच्या जंगलात अर्धा दिवस

सिंगापूरहून सुटणाऱ्या चार-पाच दिवसांच्या क्रूझवर पुण्यातली बरीच कुटुंबं मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत जातात. जहाज मलेशियातल्या पेनांगला लागलं की बहुतेक जण तिथल्या जॉर्जटाउन शहराच्या गल्ल्या, भिंतींवरची चित्रं आणि खरेदी करून परततात. त्यातही चूक काही नाही. पण बेटाच्या वायव्य टोकाला, तेलुक बहांग गावाच्या पुढे, २००३ साली जाहीर झालेलं पेनांग राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे जंगल थेट वाळूपर्यंत उतरतं आणि कासवं अंडी घालायला येतात. मुलं सात-आठ वर्षांच्या पुढची असतील आणि सकाळी वेळेवर उठत असतील, तर हा अर्धा दिवस सत्कारणी लागतो.

मात्र हिशेब उलटा मांडायचा. किती वाजता पोहोचू, हा प्रश्न नंतरचा. किती वाजता परत जहाजावर चढायचं आहे, ते आधी. जहाज सुटण्याच्या वेळेच्या अर्धा ते एक तास आधी सर्वांनी जहाजावर असावं लागतं. ती वेळ आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या दैनंदिन पत्रकावर छापलेली असते. समजा ती संध्याकाळी ५ आहे. एक तास हाताशी ठेवून ४ वाजता बंदरावर यायचं. तेलुक बहांग ते बंदर अंतर साधारण २० किलोमीटर, पण बातू फेरिंगीचा रस्ता समुद्रालगत वळणावळणाचा आणि अरुंद, म्हणून सव्वा तास धरायचा. म्हणजे २.४५ ला गाडीत. कपडे बदलणं, स्वच्छतागृह, एखादा नारळ यांना अर्धा तास, म्हणून २.१५ ला उद्यानाच्या धक्क्यावर परत. उद्यानातल्या किनाऱ्यावर जाणं-येणं बोटीने, याचा अर्थ तिथून परत आणायला बोटवाल्याला १.४५ ला बोलवायचं. आता पुढून मोजा. जहाज ९ ला लागलं, तर कुटुंबासह रांगा आणि इमिग्रेशन करून बाहेर पडायला पाऊण तास जातोच. ११ ला तेलुक बहांग, नोंदणी करून ११.३० ला बोट, पावणेबाराच्या सुमारास किनारा. हातात खरे दोन तास उरतात. पत्रकातल्या वेळा यापेक्षा आखूड असतील, तर उद्यानाचा बेत सोडून द्या आणि खाली दिलेला सोपा पर्याय घ्या.

एक बारीक खाच आहे. मलेशिया आणि सिंगापूर यांची वेळ एकच, भारतापेक्षा अडीच तास पुढे. थायलंड त्याच्या एक तास मागे. जहाज फुकेतहून पेनांगला येत असेल, तर जहाजावरचं घड्याळ कधी बदललं जातं, कधी नाही. मोबाइल मात्र किनाऱ्यावर उतरताच आपोआप स्थानिक वेळ दाखवतो. म्हणून घरातल्या एकाच्या हातात साधं घड्याळ ठेवा, ते जहाजाच्या वेळेवर लावा आणि दिवसभर त्याचंच ऐका.

कागदपत्रांचं काम पुण्यातच उरकायचं. भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि क्रूझ तिथूनच सुटून तिथेच परतणार असल्याने तो एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. सिंगापूरचं अरायव्हल कार्डही (देशात शिरण्यापूर्वीचा ऑनलाइन फॉर्म) दोनदा भरायचं: विमानाने उतरण्यापूर्वी एकदा, क्रूझवरून परतण्यापूर्वी पुन्हा. दुसरं विसरणारे पुष्कळ, कारण तोवर सगळे सुट्टीच्या मूडमध्ये असतात. मलेशियात भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची आहे आणि वेळोवेळी वाढवली जाते, तेव्हा तिकीट काढताना चालू स्थिती बघा. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं. ते घरच्या वायफायवर किंवा सिंगापूरच्या हॉटेलात भरा, जहाजावरचं इंटरनेट महाग आणि मंद. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. मुलांच्या पासपोर्टची मुदत पाचच वर्षांची असते, त्यामुळे आई-बाबांचे पासपोर्ट नीट आणि मुलाचा संपत आलेला, हा घोळ नेहमीचा. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट सुट्टीच्या तोंडावर पटकन मिळेलच याची खात्री नाही, म्हणून तीन-चार महिने आधीच बघा.

फोनचं एक फार महागात पडणारं प्रकरण आहे. बंदर मागे पडलं की मोबाइल जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप चिकटतो आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बसत नाही. जहाजात पाऊल टाकल्याबरोबर सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर, आजोबांचासुद्धा. पेनांगला उतरल्यावरच काढायचे.

बंदरावरून तेलुक बहांगला जायला तीन मार्ग. गाडी मागवायचं ग्रॅब ॲप सर्वांत सोयीचं. ते पुण्यात असतानाच उतरवून आपल्या भारतीय नंबरावर ओटीपी घेऊन सुरू करून ठेवा, तिथे ऐन वेळी ओटीपी येईलच असं नाही. साध्या गाडीत चारच जण बसतात, लहान मूलही मोजलं जातं. आजी-आजोबा धरून सहा जण असाल, तर सहा आसनी गाडी मागवा. दुसरा मार्ग १०१ क्रमांकाची रॅपिड पेनांग बस. जेट्टीच्या बसस्थानकावरून कोमतार, बातू फेरिंगी करत ती तेलुक बहांगला जाते. स्वस्त आहे, पण एक तासाहून जास्त लागतो आणि सुटे पैसे नेमके द्यावे लागतात, चालक परत देत नाही. तिसरा मार्ग म्हणजे बंदराबाहेरची टॅक्सी अर्ध्या दिवसासाठी ठरवणं. जाताना ग्रॅब लगेच मिळते, परतताना तेलुक बहांगच्या टोकाला गाडी यायला वेळ लागतो आणि पाऊस असला की आणखी. म्हणून लहान मुलं असतील तर थांबणारी टॅक्सी हाच शहाणपणाचा खर्च. भाडं बसण्यापूर्वी ठरवा, थांबण्याचे पैसे त्यात धरून. यूपीआयच्या भरवशावर राहू नका. लहान नोटांमध्ये रिंगिट (मलेशियाचं चलन) पुण्यातच कॅम्पातल्या किंवा डेक्कनवरच्या मनी चेंजरकडून आधीच घेऊन ठेवा. बोट, बस, नारळ सगळीकडे रोख लागते.

वळणांच्या रस्त्यावर गाडी लागते, विशेषतः बुफेचा भरगच्च नाश्ता करून निघालेल्या मुलांना. सकाळी इडली किंवा टोस्ट द्या, दूध नको. गोळी देणार असाल तर मात्रा मुलांच्या डॉक्टरांना आधी विचारा आणि ती निघण्यापूर्वी द्या. गाडी लागल्यावर दिलेली गोळी उलटीत जाते.

उद्यानाच्या दारात नोंदणी करताना एकच प्रश्न विचारा: आज कोणत्या वाटा उघड्या आहेत? दरडी आणि झाडं कोसळल्यामुळे इथल्या वाटा अधूनमधून बंद असतात. दारापासून सुरुवातीची वाट समुद्राच्या कडेने जाते, सपाट आहे, दहा-पंधरा मिनिटांची. पुढे फाटा फुटतो. डावीकडची वाट चढून केराचुट किनाऱ्याकडे जाते. उजवीकडची तेलुक आलिंगच्या सागरी संशोधन केंद्राजवळून मंकी बीचकडे. दोन्ही एका बाजूने तीन-साडेतीन किलोमीटर. आतकरवाडीवरून सिंहगड चढणाऱ्याला हे अंतर किरकोळ वाटेल, पण हवेतली आर्द्रता हिशेबात धरा. पुण्याच्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग थंड होतं. इथे घाम नुसता गळतो, वाळत नाही, शरीर तापत राहतं. त्यामुळे चालण्याचा वेग निम्म्यावर येतो आणि मूल दीड तासात मान टाकतं. क्रूझच्या दिवशी आमचा सल्ला ठाम आहे: दोन्ही बाजूंनी बोट घ्या, आणि जंगल चालायचंच असेल तर फाट्यापर्यंतची सपाट वाट परतल्यावर, वेळ उरला तर, करा.

बोटी उद्यानाच्या धक्क्यावरून मिळतात. भाडं साधारणपणे माणशी नसून बोटीमागे असतं, तेव्हा दुसऱ्या एखाद्या कुटुंबासोबत वाटून घेता येतं. जाऊन-येऊन दर ठरवा, परतीची वेळ बोटवाल्याकडून कागदावर लिहून घ्या आणि त्याच्या बोटीचा व नंबराचा फोटो काढा. अर्धे पैसे परतल्यावर द्या. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का, ते बसण्याआधी घालून बघा. खांद्यापाशी धरून वर ओढलं आणि ते कानांपर्यंत आलं, तर ते मोठं आहे. दुपारी ढग दाटून विजा सुरू झाल्या की बोटी थांबतात. दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पेनांगला भरपूर पाऊस असतो. त्या दिवसांत परतीची वेळ आणखी तासभर अलीकडे घ्या, कारण बोट न मिळाल्यास चालतच यावं लागेल.

केराचुट की मंकी बीच? केराचुट, निःसंशय. तिथे कासव संवर्धन केंद्र आहे. हिरवी कासवं मुख्यतः एप्रिल ते ऑगस्ट आणि ऑलिव्ह रिडली सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात या किनाऱ्यावर येतात. अंडी घालणं रात्रीचं, त्यामुळे दिवसा केंद्रातलीच पिल्लं दिसतील, तीही त्या वेळी असली तर. मुलांना हे आधीच सांगून ठेवा. किनाऱ्यामागे एक तळं आहे, त्यात गोड पाणी वर आणि खारं पाणी खाली असे थर एकमेकांत न मिसळता राहतात. खारं पाणी जड म्हणून ते तळाशी बसतं. वर्षातले काही महिने तळं कोरडं असतं, तेव्हा फक्त चिखल दिसतो. या किनाऱ्यावर पोहायचं नाही. ओढ जोरदार आहे आणि जेलीफिश असतात. पाय बुडवायलासुद्धा मुलांना एकटं सोडू नका.

जेलीफिश लागलाच तर चोळू नका आणि बाटलीतलं गोडं पाणी ओतू नका. त्याने उरलेल्या डंखपेशी फुटतात आणि आग वाढते. व्हिनेगर निदान अर्धा मिनिट ओता, मग चिकटलेले धागे चिमट्याने किंवा हातमोजा घालून काढा. २०० मिलीलीटरची व्हिनेगरची बाटली पिशवीत असू द्या, ती जॉर्जटाउनच्या कुठल्याही किराणा दुकानात मिळते. श्वास लागला, छातीत दुखलं किंवा चट्टे अंगभर पसरले, तर लगेच ९९९ आणि बोट.

माकडं दोन प्रकारची. लांब शेपटीची मॅकाक धीट, पिशव्या ओढणारी. गडद करड्या अंगाची, डोळ्यांभोवती पांढरी कडी असलेली लंगुरं लाजरी, झाडावरच राहणारी. त्यांचं नवजात पिल्लू भगव्या-नारिंगी रंगाचं असतं, ते दिसलं तर मुलांचा दिवस साजरा. मॅकाकसमोर खाऊ काढायचा नाही आणि प्लॅस्टिकची पिशवी हातात लोंबकळत ठेवायची नाही. आवाज झाला की त्यांना खाणं कळतं. दात दाखवलेलं माकड हसत नसतं, घाबरलेलं किंवा चिडलेलं असतं. पाठ न फिरवता सावकाश मागे सरा. चावलं किंवा ओरखडलं तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि जहाजावरच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा, रेबीजची लस लांबणीवर टाकायची नसते.

पिशवीत मोठ्यांना माणशी दीड लीटर पाणी, लहानांना एक. इलेक्ट्रालची दोन मोठी पाकिटं, पूर्ण पाकीट एक लीटर पाण्यात. सनस्क्रीन आधी, पंधरा-वीस मिनिटांनी डासांचं मलम. क्रम उलटला तर सनस्क्रीनखाली मलम झाकलं जातं. वाळूतल्या बारीक माश्या घोट्याला चावतात, म्हणून पातळ लांब पँट आणि पकड असलेले बूट, चपला नकोत. बुफेतली फळं आणि शिजलेलं खाणं किनाऱ्यावर न्यायची परवानगी नसते. पुण्याहून आणलेले सीलबंद खाकरे आणि चिक्की चालतात. बाकरवडी नेलीत तर माकडांसमोर तिचा वास लपवणं तुमची जबाबदारी.

आजी-आजोबा किंवा तीन वर्षांखालचं मूल सोबत असेल, तर उद्यानाऐवजी तेलुक बहांगचं एन्टोपिया फुलपाखरू उद्यान घ्या, किंवा थोडं अलीकडे बातू फेरिंगीच्या रस्त्यावरची ट्रॉपिकल स्पाइस गार्डन. तिथे पायऱ्या असल्या तरी सावली भरपूर. कुटुंब दोन गटांत विभागायचं ठरलं, तर परतीची गाडी एकच ठेवा.

उतरताना जहाजाचं कार्ड आणि पत्रकात सांगितलेला पासपोर्ट किंवा त्याची प्रत, दोन्ही घ्या. पत्रकावर बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो प्रत्येक मोठ्याच्या फोनमध्ये हवा. जहाज कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वतः ठरवलेल्या सहलीसाठी थांबत नाही. रस्त्यात अडकलात तर चाराच्या आतच एजंटाला कळवा, पाच वाजल्यावर नव्हे.